थर्मासचे जनक सर जेम्स ड्यूअर

मी इयत्ता चौथीत शिकते. आपल्या भित्तिपत्रकात आजपर्यंत पुष्कळ थोर माणसांची माहिती लागली. या वेळी मी सर जेम्स ड्यूअर यांची माहिती लिहिणार आहे. जगातल्या शास्त्रज्ञांना हे नाव चांगले माहीत आहे. आपल्या गावात ते कुणी घेत नाही, पण त्यांनी शोधलेली वस्तू पुष्कळ घरांत आहे. ती वस्तू म्हणजे थर्मास.

जेम्स ड्यूअर यांचा जन्म २० सप्टेंबर १८४२ रोजी स्कॉटलंड देशात झाला. त्यांच्या गावाचे नाव किंकार्डिन. ते फोर्थ नदीच्या काठी आहे. त्यांच्या वडिलांची खानावळ होती. मुसाफीर तिथे उतरायचे. जेम्स हा सगळ्या भावांत धाकटा होता, म्हणजे शेंडेफळ.

तिकडे हिवाळा फार कडक असतो. तळ्यातले पाणी गोठून वर बर्फाचा थर येतो आणि मुले त्यावर घसरत खेळतात. जेम्स दहा वर्षांचा असताना असाच बर्फावर खेळत होता. दहा वर्षे म्हणजे आत्ता आपण आहोत तेवढाच. बर्फ फुटला आणि तो खालच्या गारठलेल्या पाण्यात पडला. जीव वाचला, पण पुढे त्याला संधिवाताचा ताप आला. सांधे धरले. त्याला नीट चालता येईना. कुबड्या घेऊन फिरावे लागे. पुष्कळ दिवस शाळा बुडाली.

आपल्याला वाटते शाळा बुडाली की मजा. पण रोज पडून राहायचे म्हटले तर किती कंटाळा येईल! जेम्स नुसता पडून राहिला नाही. तो गावातल्या सुताराकडे जाऊन बसू लागला. तिथे तो व्हायोलिन बनवायला शिकला. व्हायोलिनचे लाकूड अगदी पातळ तासावे लागते. जरा हात चुकला तर सगळे वाया. त्यामुळे त्याच्या बोटांना बारीक कामाची सवय लागली. पुढे मोठेपणी प्रयोग करताना हीच सवय त्यांच्या कामाला आली. त्यांनी लहानपणी बनवलेल्या एका व्हायोलिनवर १८५४ साल घातलेले होते. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली तेव्हा तेच व्हायोलिन वाजवले होते. आहे की नाही गंमत?

जेम्स पंधरा वर्षांचा असताना त्याचे आईवडील वारले. तरी त्याने शिक्षण सोडले नाही. तो डॉलर नावाच्या गावच्या शाळेत शिकला. नंतर एडिनबरो विद्यापीठात गेला आणि रसायनशास्त्र शिकला. १८७१ साली त्यांचे हेलन बँक्स यांच्याशी लग्न झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. १८७५ साली ते केंब्रिज विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८७७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतही त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. ही संस्था फार नावाजलेली आहे. मायकेल फॅरेडे यांनी विजेचे प्रयोग तिथेच केले होते. तिथे नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी प्रयोग दाखवून व्याख्याने देतात. ड्यूअर साहेबांनीही अशी व्याख्याने अनेक वर्षे दिली. पहिल्यांदा त्यांनी मुलांना साबणाच्या फुग्याविषयी सांगितले.

आता त्यांच्या मोठ्या कामाविषयी सांगते. त्यांना हवेचे पाणी करायचे होते. म्हणजे खरोखरचे पाणी नव्हे. वाफ गार झाली की तिचे पाणी होते, तशी हवा खूप खूप गार केली की तीसुद्धा पातळ होते. हवेत ऑक्सिजन असतो, तो उणे १८३ अंशाला पातळ होतो. आपल्याकडचा बर्फ शून्य अंशाचा असतो. यावरून ती थंडी केवढी असेल बघा. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याआधी थोडाथोडा पातळ ऑक्सिजन केला होता. ड्यूअर साहेबांनी १८९१ सालापर्यंत तो पुष्कळ प्रमाणात तयार करणारे यंत्र उभे केले. त्याचा रंग फिकट निळा असतो.

पण एक मोठी अडचण होती. तयार केलेला ऑक्सिजन ठेवायचा कशात? त्याच्यापुढे आपली साधी खोलीसुद्धा पेटलेल्या चुलीसारखी गरम. भांड्यात ओतला की लगेच उकळायचा आणि उडून जायचा. एवढी मेहनत करायची आणि डोळ्यांदेखत सगळे वाफ होऊन जायचे.

मग त्यांनी १८९२ साली एक युक्ती केली. एका काचेच्या बाटलीत दुसरी बाटली बसवली. दोन्हींची तोंडे एकमेकींना जोडली आणि मधल्या जागेतली हवा पंपाने ओढून काढली. आता दोन बाटल्यांच्या मध्ये काहीच उरले नाही. याला निर्वात पोकळी म्हणतात. काचेला त्यांनी चांदीचा मुलामाही दिला, म्हणजे ती आरशासारखी चकाकेल.

याने काय होते ते आमच्या सरांनी वर्गात समजावून सांगितले. उष्णता तीन वाटांनी जाते. पहिली वाट शिवून जाते. आमटीत डाव ठेवला तर त्याचा दांडा तापतो, तशी. दुसरी वाट हवेबरोबर किंवा पाण्याबरोबर वाहत जाते. तिसरी वाट म्हणजे उन्हासारखी, तिला मध्ये काही नसले तरी चालते. पोकळीत शिवायलाच काही नाही आणि वाहायलाही काही नाही, म्हणून पहिल्या दोन वाटा बंद. चकाकणारी चांदी तिसऱ्या वाटेने आलेली उष्णता माघारी पाठवते. उरते फक्त बाटलीचे तोंड. तिथून थोडी उष्णता जाते, म्हणून बूच घट्ट लागते.

ड्यूअर साहेबांना फक्त गार वस्तू गार ठेवायची होती. पण त्या बाटलीला गार आणि गरम कळत नाही. ती उष्णतेला आत येऊ देत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही. म्हणून तिच्यात बर्फ घाला, बर्फ राहतो. चहा घाला, चहा गरम राहतो.

हा शोध मला एवढा जवळचा का वाटतो ते आता सांगते. माझे आण्णा, म्हणजे वडील, सायकलवर पेपर टाकतात. आमच्या निफाड तालुक्याची थंडी सगळ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. थंडीने माल खराब होऊ नये म्हणून लोक पहाटे द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवतात. त्या थंडीत आण्णा चार वाजता निघतात. गठ्ठे घेऊन सात गावे करतात. सगळी फेरी तीसेक किलोमीटरची होते. आता बरेच जण मोबाईलवर बातम्या वाचतात, पण म्हाताऱ्या माणसांना पेपर हातातच लागतो.

आण्णांना दम्याचा त्रास आहे. गार वारा लागला की खोकला येतो आणि छाती भरते. मध्ये गरम काही प्यायले की त्यांना बरे वाटते. आई आधी साध्या बाटलीत गरम पाणी द्यायची आणि वरून जुना पायमोजा चढवायची. पण सायकल चालू असली की गार वारा बाटलीला सारखा लागून जातो आणि तिची ऊब घेऊन जातो. दुसरे गाव येईपर्यंत पाणी गार. मग काचेचा थर्मास घेतला. तो छान होता, पण एकदा सायकल खड्ड्यात आपटली आणि आत काचेचा चुरा झाला. त्या हिवाळ्यात आण्णा दोन वेळा अर्ध्या वाटेतून परत आले. दारात बसून ते नुसते धापा टाकत होते. मला फार भीती वाटली होती.

नंतर आईने द्राक्षबागेतल्या मजुरीच्या पैशातून स्टीलचा थर्मास आणला. त्यातही दोन भांडी आणि मध्ये पोकळी असते, पण काच नसते, म्हणून तो हादऱ्याने फुटत नाही. आमच्या घरात तो भरायची रीत ठरलेली आहे. आधी त्यात उकळते पाणी घालून पाच मिनिटे ठेवायचे आणि ओतून टाकायचे. त्याने आतले भांडे तापते आणि चहाची उष्णता खात नाही. मग सुंठ आणि गूळ घातलेला कोरा चहा काठोकाठ भरायचा. अर्धवट भरला तर लवकर निवतो. दुधाचा चहा घालायचा नाही, तो फार वेळ ठेवला तर खराब होतो. वाटेत सारखे बूच उघडायचे नाही. वरून कानटोपी गुंडाळून पेपरच्या गठ्ठ्यात खोचायचा. शेवटच्या गावातसुद्धा चहा गरम असतो. थंडीत लांब सायकल चालवणाऱ्या सर्वांनी असे करून बघावे. ज्याला दमा आहे त्याने डॉक्टरांचे औषधही चुकवू नये. आण्णा चुकवत नाहीत.

आता परत ड्यूअर साहेबांकडे येते. त्यांनी या बाटलीचे पेटंट घेतले नाही. पेटंट म्हणजे शोध आपला आहे अशी सरकारी नोंद, जशी शेताची सातबाऱ्यावर असते. पुढे जर्मनीत बर्लिनमधले काचेचे कारागीर राइनहोल्ड बुर्गर यांनी त्या बाटलीला बाहेरून धातूचे आवरण केले आणि १९०३ साली पेटंट घेतले. १९०४ साली तिला थर्मास हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत थर्मे म्हणजे उष्णता. बाटल्या खूप खपू लागल्या. ड्यूअर साहेब कोर्टात गेले, पण नोंद नव्हती म्हणून ते हरले. त्यांना त्या धंद्यातला एक पैसाही मिळाला नाही.

यावर आमच्या वर्गात वाद झाला. काही मुले म्हणाली, बरे झाले, थर्मास सर्वांचा झाला. मला तसे वाटत नाही. आण्णा म्हणतात की कष्टाचा मोल मिळालाच पाहिजे. द्राक्षाला भाव मिळत नाही तेव्हा गावात सगळे हळहळतात. मग शास्त्रज्ञाच्या कष्टालाही भाव नको का? पण एक खरे, पैसे बुडाले तरी त्यांनी काम थांबवले नाही.

१८९८ साली त्यांनी हायड्रोजन वायू पातळ केला. तो उणे २५३ अंशाला पातळ होतो. पुढच्या वर्षी त्यांनी तो गोठवूनही दाखवला. मग फक्त हेलियम हा वायू उरला. त्यासाठी ते खूप झटले, पण १९०८ साली हॉलंडचे कामर्लिंग ओनेस यांनी तो आधी पातळ केला. ओनेस यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ड्यूअर साहेबांना ते कधीच मिळाले नाही. पण ओनेस यांनी प्रयोगात ड्यूअर साहेबांच्याच पोकळीच्या भांड्यांचा उपयोग केला होता. पोकळी आणखी चांगली व्हावी म्हणून ड्यूअर साहेबांनी नारळाच्या करवंटीचा कोळसा वापरला. तो खूप गार केला की उरलीसुरली हवा शोषून घेतो. आपल्या चुलीत जाणारी करवंटी तिकडे प्रयोगशाळेत पोचली!

हे प्रयोग धोक्याचे होते. स्फोट व्हायचे. त्यांच्या दोन मदतनिसांचा एकेक डोळा गेला. मोठ्या माणसाचे नाव लिहिताना अशा मदतनिसांचीही आठवण ठेवली पाहिजे असे मला वाटते. ड्यूअर साहेबांचा स्वभाव फार तापट होता आणि त्यांची पुष्कळांशी भांडणे झाली. जन्मभर थंडीचा अभ्यास केला, पण डोके काही थंड झाले नाही! तरी कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. १९०४ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. म्हातारपणीही ते साबणाच्या फुग्यांवर प्रयोग करत. २७ मार्च १९२३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ८० वर्षांचे होते.

त्यांचे भांडे आज गुरांच्या दवाखान्यातसुद्धा आहे. गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या पातळ नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला ठेवतात. ते पांढऱ्या वाफा सोडणारे भांडे तुम्ही पाहिले असेल. तेही दुहेरी आणि मध्ये पोकळी असलेलेच असते. शास्त्रज्ञ अशा भांड्याला ड्यूअर असेच म्हणतात. पैसे मिळाले नाहीत, पण नाव राहिले.

मित्रांनो, थंडीने ज्या मुलाचे पाय धरले, त्या मुलाने मोठेपणी थंडीलाच बाटलीत कोंडले. म्हणून आजारपणात शाळा बुडाली तरी खचून जाऊ नये. हाताला काहीतरी काम शिकवावे. ते कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझे वंदन.