जे. सी. कुमारप्पा

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस कुमारप्पा (४ जानेवारी, १८९२ – ३० जानेवारी, १९६०) हे भारतीय अर्थतज्ज्ञ, गांधीवादी कार्यकर्ते आणि ख्रिस्ती विचारवंत होते. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य त्यांनी वर्धा येथील मगनवाडीतून चालविले.

पूर्वायुष्य

कुमारप्पांचा जन्म तंजावर येथे तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडन येथे हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. पुढे अमेरिकेतील सिरॅक्यूज व कोलंबिया विद्यापीठांत शिकताना त्यांनी भारतातील दारिद्र्य आणि ब्रिटिश राजवटीचा जमाखर्च यांच्या संबंधांचा अभ्यास केला. १९२९ मध्ये साबरमती येथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. त्यानंतर त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव सोडून कुमारप्पा हे नाव घेतले.

चर्चशी मतभेद

१९३० च्या सविनय कायदेभंगास कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांनी विरोध दर्शविला, तेव्हा कुमारप्पांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून या भूमिकेला हरकत घेतली. राजकारणापासून अलिप्त राहणे म्हणजे पावित्र्य, हा दावा त्यांना मान्य नव्हता. अन्यायी सत्तेच्या छायेत सुखाने राहणारी अलिप्तता ही त्यांच्या मते एक बाजू घेणेच होते.

वर्धा येथील कार्य

डिसेंबर १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले. तेथे तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाशीपालन, धूर कमी करणारी चूल अशा विषयांवर प्रयोग होत. संघाची 'ग्रामोद्योग पत्रिका' कुमारप्पा संपादित करीत. अविवाहित राहिलेल्या कुमारप्पांची राहणी अत्यंत साधी होती. मात्र तिला वैराग्य म्हणणे फारसे बरोबर ठरणार नाही. वस्तू विकत घेणारा मनुष्य ती वस्तू ज्या परिस्थितीत तयार झाली तिच्या पापपुण्याचा वाटेकरी असतो, असे ते मानीत. दूरच्या कारखान्यातील पिळवणुकीवर खरेदीदाराचे नियंत्रण नसते. म्हणून आपले व्यवहार दृष्टीच्या टप्प्यात ठेवावेत, हा त्यांच्या स्वदेशीचा पाया होता. सामान्यतः प्रार्थनेपुरता ठेवला जाणारा शुचितेचा प्रश्न त्यांनी अशा रीतीने तेल, तांदूळ आणि कागदापर्यंत आणला.

ग्रंथलेखन

१९४२ च्या आंदोलनानंतर तुरुंगात असताना त्यांनी दोन ग्रंथ लिहिले. एक येशूच्या आचार व उपदेशाविषयी, तर दुसरा 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हा शाश्वत अर्थव्यवस्थेविषयी होता. दोहोंना गांधींच्या प्रस्तावना आहेत. दोन्ही ग्रंथ एकत्र वाचल्यास त्यांची भूमिका अधिक स्पष्ट होते. दुसऱ्या ग्रंथात परोपजीवी अर्थव्यवस्थेपासून सेवाप्रधान अर्थव्यवस्थेपर्यंत पाच पायऱ्या सांगितल्या असून, परतफेडीची अपेक्षा न ठेवणारी सेवा ही त्यांपैकी सर्वोच्च मानली आहे. येशूचे अनुसरण संस्थात्मक कर्मकांडापेक्षा दैनंदिन आचरणात असते, हे पहिल्या ग्रंथाचे प्रतिपादन या मांडणीशी थेट जुळते.

अखेरची वर्षे

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. सरकारी धोरणांशी त्यांचे जमले नाही. वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे त्यांनी पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. 'पन्नई' या तमिळ शब्दाचा अर्थ शेत असा आहे. प्रकृती ढासळल्यावर ते मदुराई परिसरातील टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात गेले. गांधींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, ३० जानेवारी १९६० रोजी, मदुराई येथे त्यांचे निधन झाले.