हाराम्बाम : वैद्य आणि धर्मशास्त्री

मी निवृत्त परिचारिका. म्हणून चरित्रही एका वैद्याचेच निवडले.

रब्बी मोशे बेन मैमोन, म्हणजेच हाराम्बाम, यांचा जन्म स्पेनमधील कॉर्डोबा येथे ११३८ च्या सुमारास झाला. अल्मोहाद राजवटीच्या छळामुळे कुटुंबाला घर सोडावे लागले. फेझ व एरेत्स इस्राएलमार्गे ते मिसर देशात फुस्तात येथे स्थायिक झाले. धाकटा भाऊ दावीद जवाहिरांच्या व्यापारावर घर चालवी. तो हिंदी महासागरात बुडाला. त्या दुःखाने हाराम्बाम सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले. पुढे त्यांनी वैद्यकीवर चरितार्थ चालविला. ११७८ च्या सुमारास 'मिश्ने तोरा' हा १४ खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. नंतर ते दरबारी वैद्य झाले. कैरोहून थकून घरी यावे, तर दारात रोग्यांची गर्दी!

त्याच ग्रंथात बेराखोथचे नियम आहेत. बेराखा म्हटली की नाही अशी शंका आली, तर ती पुन्हा म्हणू नये. देवाचे नाव व्यर्थ घेतले जाते. फक्त पोटभर जेवणानंतरची बेराखा पुन्हा म्हणावी, कारण ती आज्ञा खुद्द तोराची आहे. मिस्वा लागू आहे की नाही अशी शंका असेल, तर ती करावी, पण बेराखेविना. म्हणून इस्राएलबाहेर आठव्या दिवशी सुक्कात बसतात, पण तिथे बसण्याची बेराखा म्हणत नाहीत.

आम्हा परिचारिकांनाही हेच शिकविलेले : औषध दिले की नाही याची खात्री नसेल, तर अंदाजाने दुसरा डोस देऊ नये.

इथे टार्निटला एका वृद्ध मावशींना शब्बाथचे दिवे लावल्यावर बेराखा म्हटली की नाही, हे आठवेना. त्या रडवेल्या झाल्या. मी म्हटले, मावशी, दिवे लागले आहेत ना? हाराम्बामांनी तुमची काळजी आधीच वाहिली आहे. मग त्या शांत जेवल्या.

उतारवयात लुनेलच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात हाराम्बामांनी हिंदुस्थानातील यहुद्यांचा उल्लेख केला. त्यांना शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता याखेरीज तोराचे काही ठाऊक नाही, असे त्यांनी कळविले. कोकणातल्या आपल्या शनवार तेल्यांचेही तसेच. बेराखोथ विसरल्या, पण शनिवारी घाणा फिरला नाही.

हाराम्बाम १२०४ मध्ये निवर्तले. त्यांची कबर तिबेरियास येथे दाखवितात. तिकडे गेलात, तर आपल्या तेल्यांचीही आठवण ठेवा.