जपानचे शिक्षक गीदो वर्बेक

इंग्रजी शिकविण्यासाठीं परदेशचे लोक जपानास जातात, यांत आतां कोणास नवल वाटत नाहीं. परंतु त्या देशाचीं दारें नुकतींच किलकिलीं झालीं होतीं, त्या काळीं परक्यानें तेथें राहणें व शिकविणें म्हणजे काय होतें, हें गीदो वर्बेक यांच्या चरित्रावरून कळतें. तें आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

वर्बेक यांचा जन्म इ. स. १८३० त हॉलंड देशांतील झाइस्ट गांवीं झाला. ते विद्येनें इंजिनियर. १८५२ त ते अमेरिकेस गेले. तेथें १८५४ त पटकीनें ते मरणाच्या दारीं पोहोंचले. वांचलों तर आयुष्य देवाच्या सेवेस देईन, असा नवस त्यांनीं केला आणि बरे झाल्यावर धर्मविद्यालयांत जाऊन तो फेडावयास लागले. जपानांत दोन शतकांहून अधिक काळ पाश्चात्त्यांपैकीं केवळ डच लोकांसच व्यापाराची मोकळीक असल्यामुळें तेथील विद्वानांस डच भाषा येत असे. म्हणून अमेरिकेंतील रिफॉर्म्ड मंडळीस ती भाषा जाणणारा मनुष्य हवा होता. वर्बेक १८५९ च्या नोव्हेंबरांत नागासाकी बंदरांत उतरले.

बोलावणें सुवार्तेचें, पण सुवार्ता सांगण्याचीच बंदी! ख्रिस्ती धर्म निषिद्ध असल्याचे सरकारी फलक रस्तोरस्तीं उभे होते आणि तो स्वीकारणारास देहांताची शिक्षा होती. धर्माची गोष्ट निघाली कीं ऐकणाऱ्याचा हात गळ्याकडे जाई. तेथें पहिली मुलगी जन्मली, ती दोन आठवड्यांतच गेली. परक्या मुलखांत एवढेंसें थडगें करून हें जोडपें पुन्हा कामास लागलें.

काम कोणतें? इंग्रजी शिकविणें. धर्म नको म्हणणाऱ्या सामुराई तरुणांस इंग्रजी मात्र हवी होती. गंमत अशी कीं, ही भाषा गुरुजींचीही मातृभाषा नव्हती. ती त्यांनीं स्वतः कष्टानें मिळविलेली होती. ओकुमा शिगेनोबु व सोएजिमा तानेओमि हे त्यांचे विद्यार्थी. त्यांचीं वाचनाचीं पुस्तकें दोन : नवा करार व अमेरिकेची राज्यघटना. १८६४ त खुद्द सरकारनेंच त्यांस नागासाकीच्या शाळेंत नेमिलें. भाषेचें आमिष दाखवून धर्म गळीं उतरविला, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. जो इंग्रजीसाठीं आला त्याला त्यांनीं इंग्रजी पुरी शिकविली, हातचें राखून नव्हे. आणि ज्यानें देवाविषयीं विचारलें त्यालाच त्याविषयीं सांगितलें.

असा विचारणारा एक निघाला. सागा संस्थानचा मुराता वाकासा नांवाचा मोठा अधिकारी नागासाकी बंदराच्या पहाऱ्यावर असतां पाण्यावर तरंगणारें एक परकी पुस्तक त्याच्या माणसांस सांपडलें. तें नवा करार असल्याचें कळल्यावर त्यानें त्याचें चिनी भाषांतर शांघायहून मागविलें व वर्बेक यांच्याकडे माणसें पाठवून अर्थ विचारूं लागला. शेवटीं २० मे १८६६ रोजीं तो भावासह वर्बेक यांच्या घरीं आला आणि खिडक्या लावून घेतलेल्या खोलींत दोघांचा बाप्तिस्मा झाला. शिष्याच्या मानेवर तरवार आहे हें ठाऊक असतां पाणी हातांत घेणाऱ्या पाळकाच्या मनांत त्या संध्याकाळीं काय आलें असेल, याची कल्पना करवत नाहीं.

१८६९ त नव्या सरकारनें त्यांस टोकियोस बोलाविलें. पुढें जी शाळा तेथील विद्यापीठास मिळाली, तिचे ते मुख्य शिक्षक झाले. जपानी मुत्सद्द्यांनीं जग हिंडून पाहावें अशी योजना त्यांनीं ओकुमांस लिहून दिली आणि १८७१ त इवाकुरांचें शिष्टमंडळ निघालें. १८७३ त बंदीचे फलक उतरले. नागासाकीस उतरल्याला तेव्हां चौदावें वर्ष होतें. पुढें सरकारी नोकरी सुटल्यावर वर्बेक यांनीं उपदेश व शास्त्राचें भाषांतर यांत आपले दिवस घातले. जपानी स्तोत्रसंहितेवर त्यांची फार मेहनत आहे.

ओकुमा मुख्य प्रधान झाले, त्यांनीं वासेदा विद्यापीठाचा पाया घातला. पण त्यांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं. बाप्तिस्म्यांचा हिशेब मांडूं जातां नागासाकीचीं तीं वर्षें फार थोडीं भरतील. वर्बेक यांनीं तो हिशेब धरून काम सोडलें नाहीं.

एक गोष्ट राहिली. हॉलंड सोडल्यानें त्या देशाचें नागरिकत्व गेलें होतें, आणि अमेरिकेचें मागितलें तर तें कायद्यांत बसेना. असा हा मनुष्य कोणत्याच राज्याचा नव्हता. त्या वेळीं परकी लोकांस नेमलेल्या बंदरांबाहेर मोकळें राहतां येत नसे. तरी १८९१ त जपान सरकारनें वर्बेक व त्यांच्या कुटुंबास देशभर हिंडण्याचा व राहण्याचा खास परवाना दिला. १० मार्च १८९८ रोजीं ते टोकियोंत वारले. आओयामा येथील कबरस्तानांत त्यांस पुरलें आणि त्या जागीं त्यांच्या जपानी मित्रांनीं व विद्यार्थ्यांनीं दगड उभारला.