कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर : काव्यरस आणि अधिकार

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकास भास्करभट्ट बोरीकर यांचे नाव दोन ठिकाणी भेटते. श्रीनागदेवाचार्य आणि बाइदेवबास यांच्या पश्चात मार्गाची धुरा वाहणारे आचार्य म्हणून ते परंपरेत वंदनीय आहेत; आणि साती ग्रंथांपैकी दोन ग्रंथांचे कर्ते म्हणून मराठी काव्याच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. कवीश्वर हे त्यांचे अभिधान पुढे एका प्रमुख आम्नायाचेही नाव झाले. आचार्यत्व आणि कवित्व यांचा सांधा त्यांच्या चरित्रात एका प्रसंगी जुळलेला दिसतो. त्या प्रसंगाचा विचार येथे कर्तव्य आहे.

भास्करभट्ट हे बोरीचे, म्हणून बोरीकर. संस्कृत काव्य, व्याकरण आणि अलंकारशास्त्र यांत त्यांची गती मोठी होती. अशा व्युत्पन्न पुरुषाने श्रीनागदेवाचार्यांचे शिष्यत्व पत्करले, तेव्हा त्याच्या विद्येची दिशा आपोआप ठरली. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपण मराठीत केले होते, आणि सामान्य स्त्रीपुरुष ज्ञानास मुकू नयेत म्हणून आचार्यांचाही मराठीविषयी आग्रह होता. नरेंद्र कवीचे रुक्मिणीस्वयंवर इ. स. 1292 चे मानले जाते. संस्कृत महाकाव्याचे वैभव मराठी ओवीत आणण्याची ही वाट भास्करभट्टांनी पुढे चालविली.

त्यांचा पहिला मोठा ग्रंथ शिशुपालवध. त्याच्या ओव्या 1087. विषय भागवतातील, आणि याच विषयावर माघ कवीचे वीस सर्गांचे संस्कृत महाकाव्य पंडितांत आधीच मान्यता पावलेले. नावावरून वाचकास वीररसाची अपेक्षा व्हावी. परंतु ग्रंथात प्रत्यक्ष वधाचा भाग थोडका आहे. वसंतवर्णन, जलक्रीडा, प्रणयकलह आणि रुक्मिणीचा विरह यांतच कवीची प्रतिभा रमलेली दिसते. उपमा, रूपक आणि उत्प्रेक्षा यांची रेलचेल असूनही ओवी जड होत नाही. काव्यशास्त्राच्या कसोटीस लावले तर विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने शृंगाराचा परिपोष येथे पूर्णत्वास गेला आहे.

ग्रंथ सिद्ध झाल्यावर कवीने तो आपल्या गुरुबंधूंपुढे ठेवला. परंपरा सांगते की, ग्रंथ उत्तम झाल्याचे मान्य करूनही त्यांनी एक उणीव दाखविली. शृंगाराची गोडी असलेल्या प्रवृत्तांना तो रुचेल. निवृत्तांच्या उपयोगी तो पडणार नाही, असा त्या अभिप्रायाचा आशय होता. कवीश्वरांनी वाद मांडला नाही आणि ग्रंथ नष्टही केला नाही. त्यांनी भागवताचा एकादश स्कंध हाती घेतला, आणि श्रीकृष्णचक्रवर्तींनी उद्धवदेवास केलेला उपदेश मराठीत आणून आठशेंहून अधिक ओव्यांची उद्धवगीता रचली. तेथे शब्दाचे लाघव तेच आहे. रस मात्र शांत आहे.

या प्रसंगाचे दोन विपरीत अर्थ केले जातात. धर्माने काव्याची मुस्कटदाबी केली, असे काही अभ्यासकांस वाटते. उलट, काव्याची गोडी हा साधकाचा प्रमादच होय, असे काही श्रद्धाळूंस वाटते. दोन्ही पक्षांस प्रत्यक्ष व्यवहाराचा आधार नाही. मुस्कटदाबी असती तर शिशुपालवध उरला नसता. आणि काव्य हाच प्रमाद असता तर उद्धवगीता ओवीबद्ध झाली नसती. परंपरेने दोन्ही ग्रंथ सातींत ठेवले. त्या गुरुबंधूंनी कवीस विचारले ते एवढेच, की हा ग्रंथ कोणाच्या हाती जावयाचा? भरतमुनींच्या आठ रसांत नववा शांत मिळविताना संस्कृत आलंकारिकांनी पुष्कळ खल केला. पण रसाबरोबर वाचकाच्या अधिकाराचाही विचार करणारी ही मराठी समीक्षा सुमारे सातशे वर्षांपूर्वीची आहे, हे विसरता कामा नये.

येथे एक दृष्टांत घेऊ. पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात राहू गावाच्या आसपास, मुळा-मुठा आणि भीमा यांच्या बेटात, उसाची गुऱ्हाळे लागतात. चरकातून निघालेला रस ताजा असता मधुर. तहानेल्याने तो तिथेच प्यावा. पण तो साठवू म्हटले तर आंबतो. ज्यास वर्षभर पुरवावयाचे त्याने तो काहिलीत ओतावा, खाली चुलाण पेटवावे, वर येणारी मळी काढावी, तेव्हा गूळ होतो. गोडी मूळचीच, टिकाऊपणा आचेचा. दार्ष्टांतिक असे की, शिशुपालवध हा रस आणि उद्धवगीता हा गूळ. रस होता म्हणूनच गूळ झाला.

पुढे ही काव्ये सांकेतिक लिप्यांच्या आवरणात राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी लिप्यांचा उलगडा होऊन ती बाहेरच्या विद्वानांस दिसू लागली. डॉ. वि. भि. कोलते (1908-1998) यांनी भास्करभट्टांचे चरित्र आणि काव्यविवेचन 1935 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि विद्यापीठीय अभ्यासास भक्कम पाया मिळाला.

भिक्षुकाने आणि वासनिकाने आज ही दोन्ही काव्ये कशी वाचावी? प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ती जोडीने वाचावी. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर संनिधान अंतरलेल्या भक्तपरिवाराचे दुःख ज्यास ठाऊक आहे, त्यास रुक्मिणीचा विरह केवळ शृंगार वाटणार नाही. आणि तो विरह ज्याने अनुभवला, त्यास उद्धवदेवाने निरोप घेताना काय सोडले आणि काय बरोबर नेले, हे अधिक उमगेल. आपल्या कृतीतील उणीव ऐकून घेऊन दुसरी कृती करणारा कवी विरळा. कवीश्वरांचे मोठेपण त्यांच्या कवित्वाइतकेच या ऐकून घेण्यातही आहे.