आगमनकाळातील एक तिकीट आणि कार्डिनल ग्रेशियस

नाताळ जवळ आला की परदेशातून येणाऱ्या शुभेच्छापत्रांवरील तिकिटे पूर्वी घरोघरी जपून ठेवली जात. चर्चच्या रंगीत काचेच्या खिडक्या त्या इवल्याशा कागदावर उतरलेल्या असत. ब्रिटनने १९७१ साली कँटरबरी कॅथेड्रलच्या खिडक्यांतील ज्ञानी पुरुषांची चित्रे नाताळच्या तिकिटांवर छापली होती. आपल्याकडे अशी वार्षिक प्रथा रुजली नाही. तथापि १९६४ च्या आगमनकाळात, २ डिसेंबर रोजी, भारत सरकारने प्रेषित संत थॉमस यांच्या स्मरणार्थ १५ पैशांचे तिकीट काढले. त्याच दिवशी पोप पॉल सहावे मुंबईत उतरले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्यांचे यजमान होते मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस.

गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी २३ ऑक्टोबर १९०० रोजी कराचीत त्यांचा जन्म झाला. कँडी येथील पेपल सेमिनरीत त्यांनी शिक्षण घेतले व १९२६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढील अभ्यास रोममध्ये झाला. परत आल्यावर मुंबई हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

तो काळ नीट समजून घ्यावयास हवा. १९२८ च्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशपपद पाळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश धर्मगुरूंकडे जात असे. देशी धर्मगुरूला त्यात स्थान नव्हते. आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स हे येशूसंघीय इंग्रज. हे पद भारतीयाकडे जावे, अशी त्यांची मनोमन इच्छा होती. १९४६ साली ग्रेशियस साहाय्यक बिशप झाले आणि रॉबर्ट्स यांनी त्यांच्या हाती कारभार सोपवून मुंबई सोडली. स्वतःची खुर्ची अशी रिकामी करणारे अधिकारी, धर्मसभेत काय किंवा बाहेर काय, विरळाच! १९५० च्या जुलैमध्ये व्हॅटिकन व पोर्तुगाल यांच्यात नवा करार होऊन जुना हक्क संपुष्टात आला आणि त्याच डिसेंबरात ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १२ जानेवारी १९५३ रोजी पोप पायस बारावे यांनी त्यांना कार्डिनल केले. हा मान मिळालेले ते पहिलेच भारतीय. परळची सेमिनरी गोरेगावला हलली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत.

१९६४ ची आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद ही मात्र त्यांच्या आयुष्यातील मोठी कसोटी होती. पोपच्या आगमनाला काही संघटनांचा विरोध होता. ख्रिस्ती धर्म परकीय आहे, हा जुना आरोप पुन्हा ऐकू येत होता. अशा वेळी सरकारी तिकिटावर संत थॉमस झळकले, याचे मोल केवळ १५ पैसे नव्हते. तिकिटावरील प्रतिमा मात्र इटलीतील ओर्तोना येथील आहे. भारताच्या प्रेषिताचे चित्र परदेशातून आणावे लागले, हे आम्हांला थोडे खटकते. पण संतांचे अवशेष तेथे आहेत, हेही खरेच. ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणादिवशी, पोपनी ओव्हल मैदानावर सहा बिशपांना दीक्षा दिली.

१९६६ साली भारत सरकारने कार्डिनलांना पद्मविभूषण दिले. पोप पॉल सहावे ६ ऑगस्ट १९७८ रोजी निवर्तले. नव्या पोपच्या निवडीसाठी रोमला जाणे आजारी कार्डिनलांना शक्य झाले नाही. ११ सप्टेंबर रोजी त्यांनीही मुंबईत देह ठेवला. कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये ते चिरविश्रांती घेत आहेत.