विश्लेषण : प्रतिस्पर्धी संघ कधी पाहिलाच नसेल तर तयारी कशी करायची? जॉन मॅकलेंडन यांनी काय केले?

अमेरिकेत दर मार्चमध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा होते. ६८ संघांपैकी कोणाची गाठ कोणाशी, हे एका रविवारी जाहीर होते आणि त्याच आठवड्यात सामने सुरू होतात. ज्या संघाशी आजवर कधी खेळलो नाही, त्याची तयारी अवघ्या काही दिवसांत करायची असते. प्रशिक्षक जुन्या सामन्यांचे व्हिडिओ पाहून त्याच्या चाली शोधतात. जॉन मॅकलेंडन यांच्यापुढचा पेच याहून अवघड होता. त्यांचे काही प्रतिस्पर्धी अनोळखी होते, कारण त्यांच्याशी खेळण्यावरच बंदी होती.

कोण होते जॉन मॅकलेंडन?

मॅकलेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील हायवाथा येथे झाला. १९३३ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात दाखल झाले. १८९१ मध्ये बास्केटबॉलचा शोध लावणारे जेम्स नेस्मिथ तेव्हा तिथेच शिकवत होते. मॅकलेंडन त्यांचे विद्यार्थी झाले. मात्र विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. म्हणजे ज्यांनी हा खेळ जन्माला घातला त्यांच्याकडून तो शिकायचा, पण त्याच विद्यापीठासाठी खेळायचे नाही, अशी स्थिती होती. १९३६ मध्ये पदवी आणि पुढे आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम शहरात, कृष्णवर्णीयांसाठीच्या नॉर्थ कॅरोलिना कॉलेजमध्ये रुजू झाले. १९४० मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, ते तिथे मुख्य प्रशिक्षक झाले.

त्यांची पद्धत वेगळी का होती?

त्या काळी बहुतेक संघ संथ खेळत. चेंडू फिरवत ठेवायचा आणि जागा मिळाली की बास्केटकडे टाकायचा. मॅकलेंडन यांनी फास्ट ब्रेकवर भर दिला. चेंडू हाती आला की प्रतिस्पर्धी सावरण्याआधी पलीकडच्या टोकाला पोहोचायचे. चेंडू समोरच्याकडे असेल तर अर्ध्या मैदानात वाट न पाहता पूर्ण मैदानभर त्याला घेरायचे. अशा खेळाला दम लागतो. म्हणून हंगामाआधी खेळाडूंकडून लांब पल्ल्याची धाव करून घेतली जाई.

यात एक साधे गणित होते. प्रतिस्पर्ध्याच्या चाली ठाऊक नसतील तर त्याला त्या खेळायला वेळच द्यायचा नाही. सामन्याचा वेग आपण ठरवायचा, म्हणजे अनोळखीपणाची अडचण त्याच्या वाट्याला जाते.

१९४४ चा ‘गुप्त सामना’ काय होता?

१९४४ च्या हंगामात मॅकलेंडन यांच्या संघाने केवळ एक सामना गमावला होता. तरीही देशातील मोठ्या स्पर्धांची दारे त्यांना बंद होती. त्याच शहरात ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा संघ होता. युद्धकाळातील लष्करी प्रशिक्षण योजनेतून आलेल्या या संघात इतर महाविद्यालयांकडून खेळलेले कसलेले खेळाडू होते. दोन्ही संघ एकाच गावात, पण एकमेकांना अनोळखी.

अखेर १२ मार्च १९४४ हा दिवस ठरला. रविवार सकाळ मुद्दाम निवडली, कारण त्या वेळी बहुतेक शहर चर्चमध्ये असे. ड्यूकचे खेळाडू आडमार्गाने आले. व्यायामशाळेची दारे आतून बंद केली गेली. अधिकृत प्रेक्षक कोणीच नव्हते. काही विद्यार्थी तेवढे खिडक्यांवर चढून पाहत होते.

सुरुवातीला दोन्ही संघ बिचकत होते. सोपे फेकही चुकत होते. मग मॅकलेंडन यांच्या खेळाडूंनी सराव केलेला वेग पकडला आणि ड्यूकच्या संघाला तो झेपला नाही. निकाल लागला ८८-४४. त्यानंतर दोन्हीकडच्या खेळाडूंनी आपापसांत मिसळून नवे संघ केले आणि आणखी एक डाव खेळला. त्या राज्यात हे पहिल्या सामन्याहूनही धाडसाचे होते.

धोका किती होता?

याच डरहॅममध्ये चार महिन्यांनी, जुलै १९४४ मध्ये, बसमधील जागेच्या वादातून एका कृष्णवर्णीय सैनिकाला बसचालकाने गोळ्या घालून ठार केले. चालक निर्दोष सुटला. सामन्याची बातमी फुटली असती तर खेळाडू, प्रशिक्षक आणि महाविद्यालय अशा सर्वांनाच किंमत मोजावी लागली असती. त्यामुळे सर्वांनी मौन पाळले. ही हकिगत देशभर पोहोचली ती थेट १९९६ मध्ये, इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांच्या लेखामुळे.

उघड्या मैदानात संधी कधी मिळाली?

१९५४ मध्ये मॅकलेंडन नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात गेले. तोवर लहान महाविद्यालयांच्या ‘एनएआयए’ या संघटनेने आपली राष्ट्रीय स्पर्धा अशा महाविद्यालयांना खुली केली होती. स्पर्धेचे ठिकाण कॅन्सस सिटी. तिथे आपला संघही इतरांप्रमाणे शहराच्या मध्यभागातील हॉटेलातच उतरेल, यावर मॅकलेंडन अडून राहिले आणि ते त्यांनी मान्य करून घेतले.

३२ संघांची ही बाद फेरीची स्पर्धा आठवडाभरात संपत असे. विजेतेपदासाठी पाच विजय लागत आणि पुढचा प्रतिस्पर्धी कोण, हे बहुधा आदल्या दिवशी कळे. मॅकलेंडन यांच्या पद्धतीला यापेक्षा योग्य परीक्षा नव्हती. टेनेसीने १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे स्पर्धा जिंकली. म्हणजे ओळीने १५ सामने. अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारे ते पहिले प्रशिक्षक ठरले. या संघातील डिक बार्नेट पुढे न्यूयॉर्क निक्सकडून दोनदा एनबीए विजेते झाले.

पुढे काय झाले?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकलेंडन क्लीव्हलँड पायपर्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होते. १९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेटमध्ये ते प्रामुख्याने श्वेतवर्णीय विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाले. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले.

बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ने १९७९ मध्ये त्यांना सामावून घेतले, पण खेळाला योगदान देणारी व्यक्ती म्हणून. प्रशिक्षक म्हणून हा मान मिळाला २०१६ मध्ये, मृत्यूनंतर १७ वर्षांनी. डरहॅममध्ये बंद दारांआड जे सिद्ध झाले होते, तेच कॅन्सस सिटीत भरल्या प्रेक्षागृहात तीनदा दिसले होते. तरी प्रशिक्षक म्हणून त्यांची ओळख पटायला एवढा काळ लागला.