ज्ञानभांडाराची कवाडे उघडणारा प्रकाशक : पंडित नाथूराम प्रेमी

कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव म्हणजे मागे वळून पाहण्याचा मंगल क्षण. मंदिरे, धर्मशाळा, पाठशाळा आणि औषधालये उभारणाऱ्या दानशूरांची नावे अशा वेळी आपण आदराने घेतो आणि ते योग्यही आहे. परंतु आपल्या घरातील कपाटात जे छापील शास्त्रग्रंथ आहेत, स्वाध्यायाच्या वेळी जे आपण सहज उघडतो, ते आपल्यापर्यंत कोणी पोहोचविले, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. त्या कार्यासाठी आयुष्य वेचणाऱ्यांमध्ये मुंबईच्या हिराबागेतील एका लहानशा कार्यालयातून जवळजवळ अर्धशतक ग्रंथप्रकाशन करणारे पंडित नाथूराम प्रेमी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

नाथूरामजींचा जन्म २६ नोव्हेंबर १८८१ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात, देवरी या गावी, एका परवार दिगंबर जैन कुटुंबात झाला. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. सावकाराच्या जप्तीत एकदा चुलीवरचे भांडेदेखील गेले, अशी आठवण त्यांच्या निकटवर्तीयांनी सांगितली आहे. शालेय शिक्षण संपताच त्यांनी अल्प वेतनावर शिक्षकाची नोकरी धरली. देवरीतच सय्यद अमीर अली 'मीर' या हिंदी कवीचा सहवास त्यांना लाभला. एका मुसलमान गुरूच्या मार्गदर्शनाखाली या जैन तरुणाने काव्यरचना सुरू केली आणि 'प्रेमी' हे उपनाव धारण केले. पुढे कविता मागे पडली. उपनाव मात्र आयुष्यभर टिकले.

१९०१ च्या सुमारास ते मुंबईस आले. मुंबई प्रांतिक दिगंबर जैन सभेच्या कार्यालयात त्यांना कारकुनाची जागा मिळाली. पत्रव्यवहार सांभाळणे, हिशेब लिहिणे आणि सभेच्या 'जैनमित्र' या पत्राच्या कामास हातभार लावणे असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. 'जैनमित्र'चे संपादन त्या काळी पंडित गोपालदासजी बरैया करीत असत. मुंबईत प्रेमीजींनी संस्कृतचे अध्ययन केले; मराठी, गुजराती आणि बंगाली या भाषाही आत्मसात केल्या.

तो काळ समाजजागृतीचा होता. १८९५ मध्ये मथुरेस दिगंबर जैन महासभा स्थापन झाली होती, तर १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची मुहूर्तमेढ रोवली गेली होती. गावोगावच्या यात्रा व रथोत्सवांना जोडून सभांची अधिवेशने भरू लागली. दूरदूरचे बांधव बैलगाडीने व आगगाडीने येत, ठराव होत, शिक्षणाची व रूढिसुधारणेची चर्चा होई. पुस्तक प्रकाशित करणाऱ्याच्या दृष्टीने अशा मेळाव्यांचे मोल वेगळेच होते. आपला वाचक कोण, तो काय मागतो, काय पाहून नाक मुरडतो, हे अशा ठिकाणी प्रत्यक्ष कळे. सभेच्या कार्यालयात बसून समाजाची ही नाडी प्रेमीजींनी अगदी आरंभापासून ओळखली.

याच अधिवेशनांतून एका वादाने समाज ढवळून निघत होता. शास्त्रे छापावीत की छापू नयेत? आज हा प्रश्न ऐकून नवल वाटेल. परंतु त्या वेळी अनेक श्रद्धाळू श्रावकांना शास्त्र छापणे म्हणजे जिनवाणीची आशातना वाटत असे. छापखान्यातील शाई आणि सरस, ग्रंथाला लागणारे कोणाचेही हात, पायदळी जाणारी रद्दी पाने यांची कल्पनाही त्यांना सहन होत नसे. त्यांची भावना खोटी नव्हती. शतकानुशतके लेखनिकांनी एकेक अक्षर जपून लिहिलेल्या पोथ्या वेष्टनांत बांधून मंदिरांच्या भांडारांत ठेवल्या होत्या आणि त्यांच्या रक्षणातच धर्म आहे, अशी त्यांची निष्ठा होती. पण या निष्ठेची दुसरी बाजूही होती. श्लोकसंख्येच्या हिशेबाने मोबदला देऊन पोथी लिहवून घेणे सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचे होते. बंद भांडारांतील ताडपत्रांना वाळवी लागत होती. शास्त्र सुरक्षित होते, पण वाचले जात नव्हते.

छपाईच्या बाजूने ठामपणे उभे राहणाऱ्यांत पंडित पन्नालालजी बाकलीवाल हे प्रमुख होते. त्यांना समाज 'गुरुजी' म्हणे. त्यांच्या जैन ग्रंथ रत्नाकर कार्यालयात प्रेमीजी सामील झाले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा निश्चित झाली. 'जैनहितैषी' या मासिकाचे संपादनही त्यांच्याकडे आले. १९०५ मध्ये त्यांनी कविवर बनारसीदासांच्या रचनांचा संग्रह 'बनारसीविलास' संपादून प्रकाशात आणला आणि त्यास कवीचे विस्तृत चरित्र जोडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

१९१२ मध्ये प्रेमीजींनी 'हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय' ही स्वतंत्र प्रकाशनसंस्था सुरू केली. भांडवल तुटपुंजे, जागा हिराबागेतील. सी. पी. टँकजवळची ही धर्मशाळा सेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या औदार्यातून उभी राहिलेली होती. पहिला ग्रंथ त्यांनी निवडला तो जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यविषयक निबंधाचा, आचार्य महावीरप्रसाद द्विवेदी यांनी केलेला अनुवाद 'स्वाधीनता'. विचारस्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या ग्रंथाने व्यवसायाचा श्रीगणेशा करावा, यातच या प्रकाशकाचा पिंड दिसून येतो.

पुढील वर्षांत या छोट्या कार्यालयाने हिंदी साहित्याची जी सेवा केली ती मोठमोठ्या संस्थांनाही भूषणावह ठरावी. द्विजेंद्रलाल राय यांची नाटके आणि शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या हिंदी वाचकांच्या हाती आल्या. प्रेमचंदांचा 'नवनिधि' हा कथासंग्रह येथूनच निघाला. जैनेंद्रकुमार हे नाव फारसे कोणास ठाऊक नसताना त्यांची 'परख' ही कादंबरी प्रेमीजींनी छापली. आचार्य हजारीप्रसाद द्विवेदी यांचा 'कबीर' हा ग्रंथ १९४२ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाला. मुंबईसारख्या मराठी-गुजराती नगरीत बसून, हिंदी प्रदेशापासून शेकडो मैल दूर राहून त्यांनी हे साधले, हे विशेष.

परंतु आपल्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे कार्य याहून निराळे आहे. १९१४ मध्ये सेठ माणिकचंदजींचे देहावसान झाले. त्यांच्या स्मरणार्थ काय करावे याचा विचार होऊन 'माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला' सुरू करण्यात आली. संस्कृत, प्राकृत व अपभ्रंश भाषांतील अप्रकाशित जैन ग्रंथ शुद्ध स्वरूपात छापावेत आणि केवळ लागत किमतीस विकावेत, हा तिचा संकल्प. निधी अल्पच होता. मंत्री म्हणून सारी जबाबदारी प्रेमीजींनी स्वीकारली आणि ती दशकानुदशके विनावेतन सांभाळली.

हे काम कसे चालत असे, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. प्रथम कोणत्या भांडारात कोणती हस्तलिखिते आहेत याचा शोध. मग विश्वस्तांना विनवणीची पत्रे. प्रत मिळालीच, तर ती बहुधा त्रुटित असे, म्हणून दुसरी आणि तिसरी प्रत मिळवून पाठ ताडून पाहणे आले. योग्य संपादक निवडणे, कागद खरेदी करणे, छापखान्याशी व्यवहार करणे, मुद्रिते तपासणे आणि शेवटी पार्सले बांधून रवाना करणे हे सारे ओघाने आलेच. यांतील बहुतेक कामे प्रेमीजी स्वतः करीत. दिवसा ज्या हिंदी पुस्तकांच्या विक्रीवर घर चाले, त्यांच्याच शेजारी या प्राचीन ग्रंथांची मुद्रिते पडलेली असत. पहिल्यातून चरितार्थ आणि दुसऱ्यातून आत्मसंतोष, अशी त्यांनी मनाशी सरळ विभागणी केलेली दिसते. लागत किमतीच्या ग्रंथात नफ्याला जागाच नव्हती, आणि असे ग्रंथ संपायला वर्षानुवर्षे लागत.

या ग्रंथमालेत १९४१ पर्यंत चाळिसाहून अधिक ग्रंथ प्रकाशित झाले. त्यांतील काहींशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. महाकवी पुष्पदंताने दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट नगरीत रचलेले अपभ्रंश 'महापुराण' डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केले आणि ते १९३७ ते १९४१ या काळात तीन खंडांत निघाले. पुष्पदंताच्या भाषेत मराठीशी नाते सांगणारे कितीतरी शब्द आढळतात, त्यामुळे मराठीच्या अभ्यासकांनाही हा ग्रंथ मोलाचा ठरला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी 'वरांगचरित' संपादित केले. पंडित महेंद्रकुमार यांनी प्रभाचंद्राचार्यांचा 'न्यायकुमुदचंद्र' हा प्रचंड न्यायग्रंथ दोन खंडांत सिद्ध केला. एका अल्प निधीच्या ग्रंथमालेने असे ग्रंथ काढावेत, याचे विद्वज्जनांना आश्चर्य वाटे.

प्रेमीजी केवळ छापणारे नव्हते. ते शोधकही होते. आचार्यांचा काळ, त्यांचे संघ, त्यांच्या रचना यांविषयी त्यांनी जे लेख लिहिले, त्यांचा संग्रह 'जैन साहित्य और इतिहास' या नावाने १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. दिगंबर आणि श्वेतांबर यांच्या दरम्यान उभा असलेला आणि काळाच्या ओघात लुप्त झालेला यापनीय संघ त्यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणून दिला. आपण ज्यांना निःशंकपणे आपलेच मानतो असे काही ग्रंथ मुळात यापनीय आचार्यांचे असावेत, हे मत त्यांनी आधारांसह मांडले. स्वतः श्रद्धावान दिगंबर घरात जन्मलेल्या मनुष्याने असे लिहिणे सोपे नव्हते. याच वृत्तीने त्यांनी पंडित जुगलकिशोरजी मुख्तार यांचे 'ग्रंथपरीक्षा' हे लेख प्रसिद्ध केले. थोर आचार्यांच्या नावावर मागाहून रचलेले बनावट ग्रंथ त्यांत उघडे पाडले होते. समाजातील अनेकजण रुष्ट झाले. विधवाविवाहाचे समर्थन त्यांनी लेखणीने केले आणि स्वतःच्या कुटुंबातही ते आचरून दाखविले, तेव्हा ज्ञातीचा रोषही सोसला. जे शास्त्र लोकांच्या हाती द्यायचे ते खरे असले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. छपाईला विरोध करणाऱ्यांइतकीच त्यांनाही शास्त्राच्या पावित्र्याची चिंता होती. फक्त ते पावित्र्य शुद्ध पाठात आहे, असे ते मानीत.

त्यांचे खाजगी जीवन मात्र दुःखाने झाकोळलेले होते. १९३२ मध्ये पत्नी रमाबाईंचे निधन झाले. एकुलता एक पुत्र हेमचंद्र बुद्धिमान, अभ्यासू आणि पित्याच्या कार्याचा वारस होण्यास सर्वथा योग्य होता. १९४२ मध्ये तो ऐन तारुण्यात निवर्तला. साठी ओलांडलेल्या पित्यावर हा वज्राघात होता. त्यानंतर पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, त्यांनी संपादित केलेले बनारसीदासांचे आत्मचरित्र 'अर्धकथानक' प्रकाशित झाले. १६४१ मध्ये लिहिलेल्या त्या काव्यात कवीने आपली नऊ मुले एकामागून एक गेल्याचे अत्यंत निर्विकार शब्दांत सांगितले आहे. तरुणपणी, १९०५ मध्ये, ज्या कवीचे चरित्र प्रेमीजींनी हौसेने लिहिले होते, त्याच कवीच्या दुःखाशी अडतीस वर्षांनंतर त्यांची अशी गाठ पडावी, हा दैवाचा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

दुःखाला त्यांनी उत्तर दिले तेही ग्रंथांनीच. पुत्राच्या नावे 'हेमचंद्र मोदी पुस्तकमाला' सुरू झाली. विवेकाने धर्मविचार करणारे साहित्य तिच्यातून प्रकाशित होऊ लागले. मूळचे गोमंतकीय, बौद्ध विद्येचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांच्या मराठी ग्रंथांचे हिंदी अनुवाद या मालेत निघाले. अहिंसेच्या इतिहासावरील ग्रंथ आणि भगवान पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावरील ग्रंथ हे त्यांतील होत. जैन तरुणाच्या स्मृत्यर्थ जैन पित्याने बौद्ध पंडिताचे विचार प्रसिद्ध करावेत, याहून अनेकांताचे जिवंत उदाहरण कोणते देता येईल?

१९४६ मध्ये विद्वानांनी व साहित्यिकांनी मिळून 'प्रेमी अभिनंदन ग्रंथ' सिद्ध केला. प्रसिद्धीपासून आणि व्यासपीठापासून दूर राहणाऱ्या प्रेमीजींना अशा गौरवाची हौस नव्हती. वृद्धापकाळीही त्यांचे वाचन व संशोधन सुरूच राहिले. १९५६ मध्ये 'जैन साहित्य और इतिहास'ची आणि १९५७ मध्ये 'अर्धकथानक'ची सुधारित आवृत्ती त्यांनी काढली. नवे पुरावे मिळाले तेव्हा आपली जुनी मते बदलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ३० जानेवारी १९६० रोजी मुंबईत त्यांची जीवनयात्रा संपली. माणिकचंद्र ग्रंथमालेची धुरा पुढे भारतीय ज्ञानपीठाने स्वीकारली.

प्रेमीजींच्या चरित्रातून धर्मादाय संस्थांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे. दानशूर सेठ माणिकचंदजींचे स्मारक दगडविटांचे न होता ग्रंथांचे झाले, ते एका निर्धन माणसाच्या निरलस सेवेमुळे. धन एकाचे आणि श्रम दुसऱ्याचे, असा हा संगम होता. आजही कित्येक मंदिरांच्या भांडारांत न उघडलेली वेष्टने आहेत. त्यांची सूची करणे, त्यांची छायाचित्रे घेऊन ती अभ्यासकांना उपलब्ध करून देणे हे काम पूर्वीपेक्षा कितीतरी सुलभ झाले आहे. विरोधही आता उरलेला नाही. उरली आहे ती आपली उदासीनता. शास्त्रदान हे आपल्या चार दानांपैकी एक. दानाची पावती फाडताना या दानाचाही रकाना भरला जावा, एवढी अपेक्षा या मंगल वर्षी व्यक्त करणे अनुचित ठरणार नाही.

हिराबागेतील त्या ज्ञानतपस्व्यास आमची विनम्र भावांजली.